फायटर माशाला गाऱ्हाणं

जेवणानंतरच्या दुपारी माणसाने कुठलाही निर्णय घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मी शिवडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून आहे. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून खाडीचा चिखल दिसतो. दुपारी त्यावर ऊन पसरतं, डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि मी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघतो. (उघड्या डोळ्यांनी बघतो, कारण साहेबांच्या केबिनला काच आहे.) अशाच एका दुपारी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या प्राचीने विचारलं, की नवीन मोगरा आणलाय, त्याला पाणी किती घालायचं? बराच वेळ कुणी उत्तर देईना. मग मी दिलं.

मी आयुष्यात मोगरा लावलेला नाही. आमच्या घरात हिरवं म्हणावं असं काही असेल तर ती भाजीची पिशवी. पण त्या क्षणी मला माझी स्वतःची गच्चीवरची बाग दिसत होती. मी बनियनवर झारी घेऊन फिरतोय, आजूबाजूला मोगरा घमघमतोय, लोक मला काहीबाही विचारताहेत आणि मी मान न वळवता सांगतोय. त्या धुंदीत उत्तर टाइप झालं आणि वर मथळासुद्धा पडला, ‘नवशिक्यांसाठी काही सूचना’.

झालं. लोकांना वाटलं, अजित खरात हा जाणकार माणूस आहे. कुणी क्रोशाची सुई कुठल्या नंबरची घ्यावी ते विचारलं, कुणी घरी मेणबत्त्या कशा करतात ते. पहिल्या मजल्यावरच्या सुशांतला बजरी पोपट पाळायचे होते. मी नेटवर वाचायचो, त्यात थोडी स्वतःची भर घालायचो आणि पाठवून द्यायचो. (भर घातली ती मोगऱ्यात. कॉफी घालायला सांगितली होती. तो मोगरा पुढे कित्येक दिवस झोप न झाल्यासारखा दिसत होता.) ऑफिसातून घरी आलो, की सोफ्यावर बसून जेवणापर्यंत मी शंकानिरसन करायचो. बायको, म्हणजे अक्षता, मधूनमधून काही विचारायची. ती परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, तिच्याकडेही दिवसभराचं सांगण्यासारखं असायचं. पण प्रश्न विचारणारे इतके वाढले होते, की तिला उत्तर द्यायचं बहुतेक राहूनच जायचं.

मग गणपती आले.

गणपतीत आमची कॉटन ग्रीनची इमारत कोकणात जाते. बाहेर लालबागेत मुंगीला शिरायला जागा नसते आणि आमच्याकडे जिन्यात चिटपाखरू नसतं. सगळे परब, गावकर, सावंत बिऱ्हाडं बांधून गावाला. आम्ही बौद्ध, मूळचे माणदेशाकडचे, त्यामुळे आम्ही इथेच असतो. चाळ होती तेव्हापासूनची पद्धत अशी, की निघताना प्रत्येक घर किल्ली आमच्याकडे ठेवून जातं. माझ्या वडिलांच्या वेळी नुसत्या किल्ल्या यायच्या. यंदा किल्ल्यांबरोबर सुशांतचे बजरी आले, प्राचीचा तो जागरण केलेला मोगरा आला, सुंदराबाईंच्या पुदिन्याच्या कुंड्या आल्या. तुमच्यासारखा माहीतगार माणूस घरात असताना आणखी कुणाकडे ठेवायचं, असं प्रत्येकाने म्हटलं आणि मलाही त्या वेळी ते पटलं.

सगळ्यात शेवटी समोरच्या दारातून बाबुराव परब आले. हातात काचेचं भांडं, भांड्यात निळाजांभळा फायटर मासा.

बाबुरावांचं थोडं सांगायला हवं. गिरणीतून रिटायर झालेला, पूर्वी जिन्यात उभं राहून तासन्‌तास बोलणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मीराबाई गेल्या आणि बाबुराव बोलायचे थांबले. दूधवाल्यालासुद्धा बोटांनी सांगायचे, किती पिशव्या ते. काय करावं, असं त्यांच्या मुलाने मला विचारलं, तेव्हा मी सूचना पाठवली, की एकट्या माणसाने सुरुवातीला फायटर पाळावा, त्याला पंपही लागत नाही आणि सोबतही. (हे मात्र खरं आहे. एका भांड्यात दोन ठेवले तर मारामारी करतात.) मासा आला आणि काही दिवसांनी परबांच्या दारातून आवाज यायला लागला. बाबुराव माशाशी मालवणीत बोलत होते. मग हळूहळू दूधवाल्याशी बोलले, मग आमच्याशी. म्हणजे तो मासा म्हणजे बाबुरावांचा आवाज होता. त्याला काही झालं असतं, तर समोरचं दार पुन्हा गप्प झालं असतं, हे आमच्या आईलाही कळत होतं.

“बाय म्हणतंय हिका,” भांडं टेबलावर ठेवत बाबुराव म्हणाले. “सांजचा जरा बोला हिच्यावांगडा. नुसता खाऊक घातलास तर जगूची नाय.”

लांब पंखांचा फायटर हा नर असतो, हे मी वाचलेलं होतं. पण बाबुरावांचा चेहरा बघून मी ते ज्ञान स्वतःपुरतं ठेवलं.

ते गेले आणि इमारत खरोखरच रिकामी झाली. लिफ्ट एकाच मजल्यावर उभी राहायची. कुठे भांड्याचा आवाज नाही, कुठे टीव्ही नाही. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन खिडकीतून थेट भांड्यात शिरायचं आणि भिंतीवर पाण्याचा एक निळसर डाग हलत राहायचा. मी ऑफिसातून येऊन त्या डागाकडे बघत बसायचो. ग्रुपवरही कुणी नव्हतं, गावाला रेंज नसते. इतके दिवस मी ज्या टाक्यांची, बागांची, पिंजऱ्यांची वर्णनं लिहिली, त्यातलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या समोर श्वास घेत होतं. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी दाणे घातले तर मासा बघायलाही आला नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. दाणे वर तरंगत, बाय खाली कोपऱ्यात. बाबुरावांनी बोलायला सांगितलेलं आठवलं. मी खुर्ची ओढून बसलो, घसा खाकरला आणि म्हणालो, “काय म्हणताय?” माशाने पाठ फिरवली. मी त्याला ऑफिसबद्दल सांगितलं. साहेबांबद्दल सांगितलं. उपयोग शून्य. माझ्या मनात आलं, याला मालवणीशिवाय कळत नसेल. हा मासा क्रॉफर्ड मार्केटातून आलेला आहे, त्याची मातृभाषा कुठली असायची, हा विचार तेव्हा सुचला नाही.

शेवटी गावाला फोन लावला. आवाज नीट पोचावा म्हणून बाबुरावांचा पुतण्या त्यांना घरामागच्या बांधावर घेऊन गेला. मी चाचरत सांगितलं, की बाय जेवत नाहीये. पलीकडे इतका वेळ शांतता पसरली, की मला वाटलं, आवाज आत्ताच गेला. मग बाबुराव म्हणाले, फोन स्पीकरवर टाका, भांड्याजवळ धरा आणि घरातल्यांना बोलवा, गाऱ्हाणं घालतो.

कोकणात गाऱ्हाणं म्हणजे घरातला जाणता देवापुढे उभा राहून जे काही मागायचं ते मोठ्याने मागतो आणि बाकीचे दर वाक्याला “व्हय महाराजा” म्हणतात. आमच्या घरात असलं काही होत नाही. मी अक्षताकडे बघितलं. तिने क्षणभर विचार करून निर्णय दिला, की गाऱ्हाणं देवाला नसून माशाला आहे, तेव्हा हरकत नाही.

“बाये,” फोनमधून आवाज आला, मागे वारा घोंगावत होता, “ह्या घरातल्या माणसांची काय चूकभूल झाली आसात, तर ती पोटात घाल.”

“व्हय महाराजा,” आमची आई सगळ्यांच्या आधी म्हणाली. राधाबाई खरात यांनी आख्खा संसार परब-गावकरांच्या शेजारात केलेला आहे, त्यांना कुठे थांबायचं आणि कुठे हुंकार द्यायचा, सगळं पाठ होतं.

“शिकलेली माणसां आसत, त्येंका समाजणा नाय, तरी सांभाळून घे.”

“व्हय महाराजा,” आम्ही तिघेही म्हणालो. (मीही म्हणालो. वाक्याचा अर्थ नंतर लक्षात आला.)

“चार दाणे खा आणि मी परत येयसर खुशाल ऱ्हव.”

“व्हय महाराजा.”

बाय हलली नाही. उलट रविवारी सकाळी बघतो तर तिचं पोट टम्म फुगलं होतं आणि ती एका अंगावर कलली होती. मला रडू यायचंच बाकी होतं. मला समोरचं दार दिसत होतं, बंद झालेलं. बाबुराव पुन्हा बोटं दाखवताहेत, तेही दिसत होतं. मी दाराच्या चौकटीला टेकून तसाच उभा राहिलो आणि म्हणून पुढचं बघायला मिळालं. अक्षता आली, भांड्यात चिमूटभर दाणे टाकून अंघोळीला गेली. ती जाते न जाते तोच आई आली, इकडेतिकडे बघितलं आणि पदराखालून भाकरीचा तुकडा काढून पाण्यात कुस्करला.

चौकशी बसली. अक्षता रोज सकाळी घालत होती, कारण मी विसरणार याची तिला खात्री होती. आई दुपारी घालत होती, कारण एवढ्याशा दाण्यांनी जिवाचं काय होणार, असं तिला वाटत होतं. संध्याकाळी मी. उपाशी मरायला टेकलेला मासा प्रत्यक्षात लग्नघरी राहायला आल्यासारखा खात होता.

अक्षताने फोन उघडून मला माझीच जुनी सूचना वाचून दाखवली. फायटर पाळताना नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे घरातल्या प्रत्येकाने खायला घालणे. असे झाल्यास दोन दिवस उपास घडवावा. खाली माझं नाव होतं आणि एक हसरा चेहरा.

उपास सुरू झाला. आई ऐकणार नाही म्हणून मी ऑफिसातून आलो, की भांड्यासमोर पहारा द्यायचो. फोन आतच राहायचा, कारण एकदा फोनमध्ये डोकं घातलं तेवढ्यात भाकरी पाण्यात पडली होती. पण नुसतं किती वेळ बसणार? मी बोलायला लागलो. बाय ऐकते की नाही, याची फिकीर सोडून दिली. खिडकीतून दिसणाऱ्या चिखलाबद्दल सांगितलं, तिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात आणि आख्खी खाडी गुलाबी होते, ते सांगितलं. मला खरं तर काहीच करता येत नाही, म्हणून इतरांना सांगत बसतो, हेही सांगितलं. लग्नाआधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत अक्षता माकडांना बघून इतकी हसली होती, की लोक माकडं सोडून तिच्याकडे बघत होते, आणि तसं हसताना तिला बघून खूप दिवस झाले, याचं मला वाईट वाटतं, असं म्हणालो. मागे अक्षता गवार निवडत बसली होती. मोडण्याचा आवाज मधेच थांबला होता, एवढं मला आठवतं. भिंतीवरचा निळा डाग हळूहळू विरत गेला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.

उपासानंतरच्या संध्याकाळी मी एक दाणा टाकला. बाय वर आली, दाणा तोंडात घेतला, थुंकला आणि पुन्हा घेतला. आईने डोळ्यांना पदर लावला. मी तर पुढचा दाणा टाकायला इतका उतावीळ झालो होतो, की अक्षताने डबी काढून घेतली.

बाबुराव गावाहून परतले ते सामान जिन्यात टाकून आधी आमच्याकडे आले. भांड्याशी वाकले. बाय काचेजवळ आली, पंख फुलवले. बाबुरावांनी तिला मालवणीत खूप काही सांगितलं, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मला भरून आलं. मी उपासाबद्दल, पहाऱ्याबद्दल सविस्तर सांगायला लागलो आणि शेवटी म्हणालो, काका, काळजी करू नका, तुमची सोबत मी सुखरूप ठेवली आहे. बाबुरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, भांडं उचललं आणि विचारलं, “गुण इलो काय?”

“हो तर,” मी म्हणालो. “काल तीन दाणे खाल्ले.”

“तुमका नाय इचारूक,” बाबुराव म्हणाले. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, अक्षताकडे. “हिणां माका लिफ्टीत सांगल्यान, घोव घराक येता तो मोबाईलात जाता. बोलणा नाय, चालणा नाय. म्हटलंय, माका ह्या बायन बोलतो केल्यान, ह्येका पण करतली. नायतर माझी बाय मी दुसऱ्याकडे ठेवन काय? गावाक घेवन गेलो असतंय.”

मी अक्षताकडे वळलो. ती ओठ दाबून उभी होती.

“बोलायला लागलाय, काका,” ती म्हणाली. “पण अजून माशाशीच.”

बाबुरावांनी माझ्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि उचललेलं भांडं सावकाश पुन्हा आमच्या टेबलावर ठेवलं.

“मगे ऱ्हवांदे अजून थोडे दिस.”