मोरिता-सान आणि माझं नम्र जपानी

जपानी भाषा अवघड असते असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते! मी अवघ्या सात महिन्यांत शिकलो. दिंडोरीजवळच्या बेदाण्याच्या कारखान्यात हिशेबनीस, आणि दर शनिवारी नाशिक रोडच्या घरी लॅपटॉपसमोर जपानी विद्यार्थी! म्हणून आमचे मालक गोटीरामभाऊ जेव्हा म्हणाले, "जीवन, वसाकाहून कोण बाई येती हाय, दुभाषा लागंल," तेव्हा मी कॉलर ताठ करून म्हणालो, "भाऊ, दुभाषा कशाला? मी आहे ना!"

"वसाका नाही भाऊ, ओसाका," हेही मी जाता जाता सुधारलं.

या बाई म्हणजे मोरिता-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी'). दोन कंटेनरची ऑर्डर द्यायच्या आधी त्या एकच गोष्ट बघणार होत्या, ती म्हणजे कामगारांना नीट वागवलं जातं की नाही. त्यांचं इंग्रजी भाऊंच्या इंग्रजीइतकंच होतं. म्हणजे सगळी मदार माझ्यावर.

आता आदल्याच शनिवारी आमच्या निकिता मॅडमनी क्रियापदाला 'सासेरु' जोडायला शिकवलं होतं. "याने भाषा फार नम्र होते, पण..." एवढं त्या बोलल्या आणि माझं नेट गेलं. 'पण'च्या पुढचं राहिलं. मी वहीत ठळक लिहून ठेवलं: सासेरु म्हणजे नम्र.

मोरिता-सान आल्या. चणीने लहान, हातात जाड वही. बेदाणे निवडणाऱ्या बायका ओळीने बसून गाणी म्हणत होत्या. मी कमरेत वाकून म्हणालो, "उतावासेते इमास!"

मला म्हणायचं होतं, बायका गात आहेत. खरा अर्थ मला नंतर कळला, तुम्हाला आत्ताच सांगतो: 'आम्ही यांना गायला लावतो.'

मोरिता-साननी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिव्हलं?" भाऊंनी कुजबुजत विचारलं.

"गाणं आवडलं त्यांना!"

मला चेव आला. जेवणाची जागा दाखवत म्हणालो, एक वाजता ताबेसासेमास. म्हणजे, एक वाजता यांना खायला लावतो! कोपऱ्यात लंकाबाई जेवणानंतरची डुलकी घेत होत्या. सत्तरीच्या बाई, भाऊंची त्यांना सवलत आहे. मी कौतुकाने म्हणालो, "नेसासेमास!" म्हणजे, हिला आम्ही झोपवतो!

मोरिता-सान दोन पावलं मागे सरकल्या.

आमच्या मुकादमीण गोजराबाई मागून येत होत्या. त्या लगेच पुढे झाल्या. "काय नेसायचं म्हनती? लुगडं? आना बाईला हिकडं, मी नेसवते!"

"अहो लुगडं नाही! झोपण्याबद्दल चाललंय!"

"मंग झोपायला नेसायचं कशाला?"

तेवढ्यात मोरिता-साननी गोजराबाईंकडे बोट दाखवून मला एक लांबलचक प्रश्न विचारला. त्यात 'हाताराकु', म्हणजे काम करणं, ऐकू आलं, शेवटी प्रश्नचिन्ह ऐकू आलं. मधलं सगळं नम्रपणा असणार! मी विचारलं, "गोजराबाई, तुम्ही काम करता का, असं विचारतायत."

गोजराबाई भडकल्याच. "काम करते का? आवो, मी नसले तं हितं पान हलत नाय! समद्यांला मीच कामाला लावते! ह्या भाऊला बी!"

भाऊंनी मान डोलावली. "खरं हाय."

मी उत्तर आटोपशीर आणि अतिनम्र केलं: गोजराबाई-सान सगळ्यांना हाताराकासेते इमास.

मोरिता-साननी वही मिटली. चेहरा बेदाण्यासारखा आकसला होता. मग फार हळू, फार स्पष्ट त्या म्हणाल्या, "काएरासेते कुदासाय."

'काएरु' म्हणजे घरी जाणं, 'कुदासाय' म्हणजे कृपया, आणि मधे माझंच लाडकं 'सासे'सारखं काहीतरी! पण ज्या आवाजात त्या बोलल्या, तो नम्रतेचा नव्हता. तो, 'मला घरी जाऊ द्या हो!' असा होता.

मी भिंतीआड जाऊन निकिता मॅडमना फोन लावला. "मॅडम, सासेरुचा 'पण' काय होता?"

"पण पुढे 'इतादाकु' जोडलं तरच नम्र! नुसतं सासेरु म्हणजे करायला लावणं! तू कुठे वापरलंस?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोजराबाईंचं वाक्य तेवढं अचूक आहे. फोन दे मोरिता-सानना."

मोरिता-सान फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. आधी कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग खांदे हलायला लागले. मग त्या बेदाण्यांच्या क्रेटवर बसून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी!

"बाई रडती हाय!" गोजराबाई धावल्या. "भूक लागली आसंल!" आणि भाकरी, ठेचा, पुन्हा भाकरी! मोरिता-सान नको नको म्हणत होत्या, पण गोजराबाईंसमोर नको चालत नाही. चौथ्या घासाला नाक लाल झालेल्या मोरिता-सान माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताबेसासेरारेमाश्ता!"

मला खायला लावलं गेलं. एवढं मात्र मला पहिल्या फटक्यात कळलं!

आठवड्याने मेल आला. तो इंग्रजीत होता आणि भाऊंनी तो मला न देता त्यांच्या मुलीला, हर्षालीला वाचायला दिला. ऑर्डर पक्की होती! भाऊंनी पेढे मागवले, गोजराबाईंच्या हातावर पहिला ठेवला. मी दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"थांब," हर्षाली म्हणाली, "खाली अजून एक ओळ आहे. पुढच्या भेटीला दुभाषा आम्ही ओसाकाहूनच आणू, कृपया तसदी घेऊ नये."

पेढा मिळाला. अर्धा!