थावरूभाऊ आणि वरची खिडकी

थावरूभाऊ राठोड कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी शर्टाच्या खिशातून उदबत्ती काढून पेटवत, आणि खोलीच्या मधोमध उभे राहून धूर कुठं जातो ते बघत. धूर छताला जाऊन तिथंच घोटाळला, की घरमालकाकडं अशा नजरेनं पाहत, जणू त्यानं पाहुण्यांना कोंडून घातलंय. "हवेला शिरायला जागा हाय, निघायला न्हाई," म्हणत आणि चहा बाहेर ओट्यावर बसून घेत.

एकदा आमच्या गल्लीत एक म्हातारे वारले. थावरूभाऊ भेटायला आले, उदबत्ती लावली आणि मान वर करून गप्प उभे राहिले. घरच्या लोकांना भरून आलं. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "दार अन् खिडकी एकाच भिंतीत काहून हाय?"

आमच्या कनेरगाव नाक्यावर, धाब्यांची रांग संपते तिथं त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रिल, ट्रॉल्या करायचे. शिक्षण चौथीपर्यंत. राहायला जवळच्या तांड्यावर. मी हिंगोलीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. त्यामुळे हवेबद्दल मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, असा माझा समज होता. तो दोन हजार चारच्या एप्रिलपर्यंत टिकला.

त्या वर्षी मी दहा गुंठ्यांत ढोबळी मिरचीसाठी हरितगृह उभं केलं. पाइप, प्लास्टिक आणि ड्रॉइंग एका लांबच्या कंपनीचं. उभारणी थावरूभाऊंची. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं.

"सर, ह्या वरच्या खिडकीचं तोंड मावळतीला काहून?"

"कंपनीनं तसं काढलंय."

"काढणारा ऱ्हातो कुठं?"

मी एका थंड डोंगराळ भागाचं नाव सांगितलं.

"मंग त्याचं बराबर हाय. त्याला ऊब पाहिजे. आपल्याकडं उबेची कमी हाय का? इथं उन्हाळ्यात वारा मावळतीकडून येते. आतली गरम हवा वर चढून निघाया बघन, अन् ह्यो वारा तिला परत आत दाबन. खिडकीनं वाऱ्याला पाठ द्यावी. मंग वारा वरून जाता जाता आतली हवा वढून नेते."

हे सगळं मी नववीच्या वर्गाला शिकवत होतो. पण बांधणीत बदल केला तर हमी रद्द, असं कंपनीच्या कागदावर छापलेलं होतं. मी म्हणालो, ड्रॉइंगप्रमाणंच करा.

त्यांनी मिलिमीटरही न चुकवता तसंच केलं. फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. काही सांगायचं असलं तर ते शिडीला सांगत. "शिडे, सरांना म्हनाव, नटबोल्ट संपले." मी नटबोल्ट आणायला जाई.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी हरितगृहातला तापमापक चव्वेचाळीसवर गेला. बाजूचे पडदे पूर्ण वर गुंडाळलेले होते, तरी आत पान हलत नव्हतं. मावळतीचा वारा वरच्या खिडकीतून घुसून आतली भट्टीसारखी हवा खाली दाबून धरत होता. कमरेएवढी झाडं माना टाकून उभी होती. फुलं गळून वाफ्यावर पडत होती. थोड्या वेळानं पारा सेहेचाळीसवर. मी नाक्यावर जाऊन कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. पाणी फवारत राहा, मंगळवारी येतो, असं तो म्हणाला.

तिथून मी सरळ थावरूभाऊंच्या दुकानात गेलो. त्यांनी हातातलं काम तसंच ठेवलं.

आत आल्यावर त्यांनी एक पान तळव्यावर घेतलं. "आज झालं तर झालं. उद्या ही झाडं न्हाईत."

"काय करायचं?"

"मावळतीची खिडकी बंद. उगवतीच्या अंगानं, आढ्याखाली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लास्टिक फाडायचं."

छताचं प्लास्टिक सलग एकच होतं. फाडताना वारा आत शिरला असता तर सगळं छत उडून शेजारच्या रानात गेलं असतं.

"मंगळवारपर्यंत थांबलो तर?"

त्यांनी शिडीकडं पाहिलंसुद्धा नाही. "सर, व्हय म्हना, नाहीतर न्हाई म्हना. झाडं मंगळवार वळखत न्हाईत."

"बघा तुम्हीच," मी कसंबसं म्हणालो.

ते सुरी कमरेला खोचून वर चढले. मोकळ्या होणाऱ्या कडेला दोर बांधून त्याचं टोक बाहेर खाली माझ्याकडं दिलं. निम्मं फाडून झालं आणि पश्चिमेकडून वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. सगळा सांगाडा करकरला. प्लास्टिक पोटासारखं फुगलं आणि मी दोरासकट दोन पावलं पुढं ओढला गेलो.

"थावरूभाऊ, सुटतंय."

"बसा खाली. दोर कमरंला घ्या अन् बसा."

मी शाळेत घालायच्या पँटीत बाहेरच्या पाटाच्या चिखलात बसलो. वर ते पाइपाला पालथे बिलगून एका हातानं प्लास्टिकची कड पाइपावरच्या पन्हळीत दाबत होते, दुसऱ्या हातानं ती धरून ठेवणारी तारेची स्प्रिंग बसवत होते. प्रत्येक झोताला मला वाटायचं, आता प्लास्टिक जाईल आणि हा माणूसही. तास गेला असेल. मग त्यांचा आवाज आला, "आत जाऊन बघा."

आत हवा चालत होती. चारच्या सुमाराला पारा एकोणचाळीसवर आला. ऊन कलल्यावर झाडांनी माना उचलल्या. थावरूभाऊ हात मागं बांधून सगळ्या ओळींतून एकदा फिरले आणि घरी सोडता का म्हणून विचारलं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. एकच खोली. भिंतीला लागून बाज, बाजेवर त्यांची बायको. सहा वर्षांपूर्वी लकवा मारला होता. वाचा गेली, डावा हात तेवढा चालत होता. बाजेच्या उंचीलाच, तिच्या उशाशी, भिंतीत एक छोटी खिडकी होती. समोरच्या भिंतीत पत्र्याखाली झरोका. खिडकीच्या ग्रिलचे कोपरे इतके गुळगुळीत घासलेले, की नाक्यावर त्यांनी केलेल्या एकाही ग्रिलचे मी तसे पाहिले नव्हते.

ते जमिनीवर, बाजेला टेकून बसले आणि तिला त्यांच्या गोरमाटी बोलीत दिवसभराचं सगळं सांगू लागले. मग मलाही कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "सर लई जिगरीचे. मीच भेलो व्हतो. सर म्हनले, फाडा."

मी काही बोलणार होतो. पण ती अर्ध्या चेहऱ्यानं माझ्याकडं पाहून हसली, आणि मी नुसती मान डोलावली.

तिनं डाव्या हातानं त्यांचा हात धरून पालथा होता तो उताणा केला. तापलेल्या पाइपानं सगळा तळवा फोडांनी भरला होता. तेव्हापासून त्यांनी तो मला दिसू दिला नव्हता.

"काय न्हाई, जरा पोळलं," म्हणत ते हात ओढू लागले. तिनं सोडला नाही. हात तोंडाजवळ नेला आणि अर्ध्या ओठांनी त्यावर हळूहळू फुंकर घालू लागली.