शिरपूरची सखोल मुलाखत

माझ्या दिराचं लग्न मीच जमवणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं. "मुलगा तोंडच उघडत नाही" म्हणून युवराजभाऊजींना आधी पारोळ्याने नकार कळवला, मग एरंडोलने. सासूबाई पार खचल्या होत्या. मी म्हटलं, "आई, शिरपूरला मी येते. त्यांना बोलतं करायचं माझ्याकडे लागलं!"

एवढ्या आत्मविश्वासाला कारण होतं. बाळ झाल्यापासून मला आणि भाऊजींना एकच नाद लागलाय: म्हाताऱ्या रॉक गिटारवाल्यांच्या लांबलचक मुलाखती. भाऊजी जेवताना ऐकतात. मी बाळाला पाजताना, त्याचा श्वास नीट चाललाय ना हे बघत बघत. त्यातला पत्रकार "आवडतं गाणं कोणतं" असलं काही विचारत नाही. तो विचारतो, "पहिली तार तुटली तेव्हा घरात कोण होतं?" आणि गप्प बसतो. त्या शांततेत पंचाहत्तरीचा माणूस हळूहळू खरं बोलायला लागतो. आम्ही त्या शांततेचे चाहते.

गाडीत मी शिकवणी घेतली. "'स्वयंपाक येतो का' हा वरवरचा प्रश्न. तो विचारायचा नाही. मुळापासून धरायचं. आणि समोरचा थांबला, की आपण बडबडायचं नाही."

"बरं वहिनी," भाऊजी म्हणाले. पारोळ्यालाही ते एवढंच बोलले होते.

शिरपूरला पोहे झाले. मृणाली समोर येऊन बसली. भाऊजींनी प्रश्नासाठी नजर वर केली, ती थेट कपाटावर गेली. तिथे जुन्या चादरीत काहीतरी लांबट गुंडाळलेलं.

"ते काय आहे?"

"काही नाही, जुनी गिटार," मृणालीचे वडील आधारनाना म्हणाले. "भुसावळला रेल्वे कॉलनीत आम्हा पोरांचा रॉक बँड होता. मग भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवली."

मी भाऊजींच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"पहिली तार तुटली तेव्हा घरात कोण होतं?"

आणि ते गप्प बसले. इतके सुरेख गप्प बसले, की मी पाय काढून घेतला.

"वडील," नाना बऱ्याच वेळाने म्हणाले. "त्यांनी स्वतःच्या सायकलच्या ब्रेकची तार काढून लावली. दुसऱ्या दिवशी तसेच गेले कामावर. बिनब्रेकचे."

"पप्पा, हे कधी सांगितलं नाही तुम्ही," मृणाली म्हणाली.

"कोणी विचारलं नाही."

सासूबाईंनी मला कोपर मारून अहिराणीत विचारलं, "आपीन पोर देखाले उनूत का बाप देखाले?"

"एक मिनिट, आई," मी म्हटलं. "नाना, आवाज कसा यायचा हो त्या तारेचा?"

चहा झाला. पुन्हा चहा झाला. चादर सुटली, गिटार खाली आली. नाना, जुन्या रेडिओचा अँप्लिफायर कसा केला, या प्रकरणाला पोचले होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "समीक्षा, बाळ कोठे शे?"

माझी मांडी रिकामी होती. बाळ शिंकलं तरी थर्मामीटर काढणारी बाई मी! धावत आत गेले. बाळ मृणालीच्या कडेवर केळं खात होतं. चमचा उकळलेला नव्हता.

"अँप्लिफायर सुरू झाला तेव्हाच आणलं मी," मृणाली म्हणाली. "तुमचं लक्ष नव्हतं."

परतताना अमळनेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बोलना तर बोलना, पन पोरसंगे एक शब्द नही."

आम्ही तिसरा नकार धरूनच चाललो होतो. आठवड्याने नानांचा फोन आला. "मुलगा हिरा आहे. पण मृणाली म्हणते, मला कोणी काही विचारलंच नाही. पुन्हा या. या वेळी ती विचारेल."

पुन्हा गेलो. मी बाळ ओढणीने बांधूनच बसले. मृणालीने पहिलाच प्रश्न टाकला.

"स्वयंपाक येतो का?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे. मृणाली गप्प बसून राहिली. माझ्या शिकवणीबाहेरचं काहीच नव्हतं त्या गप्प बसण्यात.

"चहा," भाऊजी हळूहळू खरं बोलायला लागले. "पण साखर वहिनी टाकतात."

सासूबाईंनी डोळे मिटले. मृणालीने खुर्ची पुढे ओढली.

"पहिला चहा नासला तेव्हा घरात कोण होतं?"

मी निमूट हात वर केला.