पाठकोऱ्या बाईंची शून्य टक्के बचत

पृथ्वी वाचवायची म्हटलं की सगळ्यात आधी एक समिती नेमावी लागते. समितीशिवाय पृथ्वी परस्पर वाचली, असं एकही प्रकरण कुठल्याही दप्तरात सापडत नाही.

म्हणून वरच्या कार्यालयाने कागदाची उधळपट्टी थांबवण्याबाबत एक परिपत्रक काढलं. ते चौदा पानी होतं, प्रत्येक पान एकाच बाजूने छापलेलं होतं आणि अकरा शाखांना त्याच्या तीन-तीन प्रती आल्या होत्या (एक माहितीसाठी, एक कार्यवाहीसाठी आणि एक पहिल्या दोन हरवतील म्हणून). आठवडाभरात या तेहेतीसही प्रती केराच्या टोपल्यांत पोचल्या. तिथून त्या भांडारपाल बाईंनी गोळा केल्या, त्यांची चारशे बासष्ट पानं आडवी-उभी कापली आणि दाभणाने शिवून त्यांच्या वह्या केल्या. परिपत्रकाचा प्रत्यक्ष उपयोग झाल्याची तेवढीच एक नोंद आहे.

या बाईंना सगळं कार्यालय 'पाठकोऱ्या बाई' म्हणे. जिन्याखालच्या भांडारात त्या बावीस वर्षं बसत होत्या आणि दुसऱ्या बाजूने कोरा असलेला एकही कागद त्यांच्या हातून सुटलेला नव्हता. दिवा खिडकीतून उजेड येईनासा झाल्यावरच लागे. मोडक्या खुर्च्यांचे पाय त्या दुसऱ्या मोडक्या खुर्च्यांना बसवून घेत. चहा स्वतःच्या कपातून पीत, आणि त्या कपाचा कान तुटला होता तो आधीच्या साहेबांच्या कारकिर्दीत. घर चालत सात मिनिटांवर होतं. दुपारच्या सुट्टीत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना भरवायचं, कूस बदलून द्यायची आणि घंटा व्हायच्या आत परत यायचं, असा त्यांचा क्रम होता.

इकडे परिपत्रकाबरहुकूम नेमलेल्या हरित समितीने धडाका लावला. निमंत्रक होते नियोजन शाखेचे प्रमुख, नियोजनसाहेब. हा माणूस मूळचाच कळकळीचा. पंधरा दिवसांत प्रत्येक बटणापाशी 'गरज नसताना दिवा बंद ठेवा' अशी प्लास्टिकच्या आवरणातली पाटी लागली (तिसऱ्या मजल्यावर ती थेट बटणावरच चिकटवली गेली, त्यामुळे दिवा बंद करता येईना, पण पाटी वाचायला उजेड हवाच). प्लास्टिक टाळण्यासाठी प्रत्येकाला स्टीलची बाटली मिळाली. बाटली पिशवीत, पिशवी खोक्यात आणि खोकी आणखी मोठ्या खोक्यात. बोळात झाडांच्या कुंड्या आल्या, आणि तिथे ऊन पोचत नसल्याने त्यांच्यावर दिवसभर जळणारे दोन मोठे दिवे आले. लिफ्टऐवजी जिना वापरावा हेही ठरलं आणि पाळलं गेलं. सगळे जण उतरताना जिना वापरू लागले.

महिनाअखेरीस तक्ता आला. मागच्या महिन्यातला वापर, या महिन्यातला वापर, टक्केवारीत घट. नियोजन शाखेने कागदाचे चाळीस गठ्ठे वापरले होते ते बावीसवर आणले. घट पंचेचाळीस टक्के, टाळ्या. साहेबांनी स्वतः मोटारीच्या तीन फेऱ्यांतली एक कमी केली. तेहेतीस टक्के, पुन्हा टाळ्या. भांडार शाखेने मागच्या महिन्यात कागद घेतला नव्हता, याही महिन्यात नाही. वाहन नाही, लिफ्ट नाही, कागदी पेले नाहीत.

घट : शून्य टक्के.

बाईंना नोटीस मिळाली. विषय : पर्यावरणाबाबत अनास्था. दोन महिन्यांत सुधारणा न दिसल्यास भांडार दुसऱ्या शाखेत विलीन होईल, त्या खोलीत कर्मचाऱ्यांसाठी हरित विश्रांती कक्ष होईल आणि भांडारपालांची बदली गावाबाहेरच्या गोदामावर होईल. गोदाम बसने दीड तासावर होतं. बाईंनी नोटीस दोनदा वाचली. दुपारी कोण भरवणार, एवढंच त्यांच्या डोक्यात येत राहिलं.

त्या नियोजनसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, मी पहिल्यापासूनच काही वापरत नाही हो."

"तेच तर चुकलं बाई तुमचं," साहेब मायेने म्हणाले. "पहिल्यापासून वापरलं असतंत, तर आज कमी करायला काहीतरी हाताशी असतं. आता शून्यातून मी काय वजा करू?"

"मग मी करू काय?"

"महिनाभर वापरा. मग कमी करा. एवढं साधं आहे!"

दुसऱ्या दिवसापासून बाई वाया घालवायला लागल्या. ते त्यांना जमेना. दोन्ही दिवे लावायच्या आणि खोलीबाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जायचा. कागदाचा नवा गठ्ठा फोडला आणि यंत्रातून शंभर पानं कोरीच काढली, म्हणजे मोजणीत धरली जातील आणि परत गठ्ठ्यात ठेवता येतील. हा गैरप्रकार शिपाईमामांनी पकडला.

"बाई, असं नाही चालत," ते खुर्ची ओढून बसले. "नासाडी करायची तर मन लावून करावी लागते. चला वर, नियोजनमध्ये थोडा वेळ नुसत्या बसा. बघून बघून येतं."

बाई बसल्या, आणि बघून बघून आलं. एका ओळीच्या निरोपाला एक पान. चुकलं की नवं पान. नाही चुकलं तरी एक प्रत जादा. घरापासून कार्यालयापर्यंत भाड्याची गाडी. पायी सात मिनिटं, गाडीने नऊ (वाटेत एकेरी रस्ता होता). पहिल्या दिवशी दारात गाडी बघून नवरा घाबरला.

"पाय दुखतोय का गं?"

"नाही. पर्यावरणासाठी आहे."

नवऱ्याने पुढे विचारलं नाही. तोही गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका कार्यालयात नोकरीला होता.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. तक्त्यात तिला रकाना नव्हता, म्हणून इथे सांगावी लागते. दुपारची वेळ, डोक्यावर दोन्ही पंखे, हातात कागदी पेल्यातला चहा. बाईंनी पुढ्यात एक नवाकोरा कागद घेतला, ऐसपैस समास सोडला आणि लिहिलं, 'विषय : झाडू सहा नग मिळणेबाबत.' लिहून त्या बघतच राहिल्या. अक्षर सुरेख होतं. बावीस वर्षं ते मागून उमटणाऱ्या दुसऱ्यांच्या ओळींवर गिरवत आल्यामुळे त्यांना कधी नीट दिसलंच नव्हतं. त्यांनी तोच मजकूर आणखी दोन कागदांवर लिहिला. नुसता बघण्यासाठी. मग आपण काय केलं हे ध्यानात येऊन तिन्ही कागद त्यांनी पर्समध्ये लपवले. नासाडी करायच्या महिन्यात त्यांना तेवढ्याचीच लाज वाटली.

पुढच्या महिन्यात सगळं पूर्ववत. सवयीच्या माणसाला त्यात कष्ट ते काय? भांडार शाखेची घट शंभर टक्के आली. मात्र शंभर टक्के संशयास्पद दिसतात, असं समितीचं मत पडल्याने ती सत्त्याण्णव करण्यात आली. बाईंना पहिला क्रमांक मिळाला, नोटीस मागे घेतली गेली, खोली वाचली, सासऱ्यांचं दुपारचं जेवण वाचलं. सत्काराच्या वेळी नियोजनसाहेब स्वतः बोलायला उभे राहिले. शून्यावर असलेल्या बाई दोन महिन्यांत कुठल्या कुठे पोचल्या, असं ते म्हणाले.

दोन महिन्यांपूर्वी बाई जिथे होत्या तिथेच पुन्हा पोचल्या होत्या. हे फक्त शिपाईमामांच्या लक्षात आलं आणि त्यांनी टाळ्या वाजवून ते गिळलं.

बाईंचा हा मार्ग आता 'पायाभूत वापर महिना' या नावाने सगळ्या कार्यालयांना लागू झाला आहे. वर्षातून दोनदा महिनाभर सर्वांनी सढळ हाताने वापरायचं आणि नंतरच्या महिन्यात घट दाखवायची. एकूण वापर तिसऱ्या हिश्शाने वाढला, पण एकूण वापराचा रकाना तक्त्यात नसल्याने पर्यावरणावर त्याचा परिणाम झालेला नाही. पायी चालण्याच्या फायद्यांवर बोलायला बाईंना गावोगाव बोलावतात. कार्यालयाची मोटार त्यांना नेते, दुपारच्या आत आणून सोडते.

आणि वाचकहो, तुम्ही अकारण हसू नका. गाडी सोडून सायकल घेतली, बाटलीबंद पाणी सोडलं, दर महिन्याचे नवे कपडे सोडले, हे तुम्ही चारचौघांत सांगता. आम्ही ऐकतो, मान डोलावतो. तुमचं कौतुक व्हायलाच हवं. पण तुमच्याच घरात एखादी आत्या, एखादी काकू असेल, जिने यातलं काहीच सोडलेलं नाही, कारण तिने ते कधी सुरूच केलं नव्हतं. तिलाही तुम्ही एक पदवी दिलेली आहे. तुम्ही तिला चिकट म्हणता.