हात वर कर

आमच्या घरमालकीण निर्मलाकाकू त्यांच्या ब्रा रस्त्याकडच्या गॅलरीत वाळत घालतात. वर टॉवेल नाही, परकराचा आडोसा नाही. गॅलरीत कमरेच्या उंचीवर एक दोरी बांधलेली आहे, तिच्यावर चिमटे लावून त्या ओळीने लटकत असतात. पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीत दूध घालणारा माणूस काकूंच्या घरापुढे आला की मान दुसरीकडे करून सायकल चालवतो. एकदा तसाच नालीत गेला. काकू वरून म्हणाल्या, "समोर पाहून चालवत जा न बाप्पा. तुह्या घरी कोणी घालत नाई का?"

समोरच्या बाईंनी एकदा धीर करून विषय काढला, की मागं अंगणात तार आहे, तिथं वाळवल्या तर? काकूंचं उत्तर तयार होतं. "टॉवेलाखाली वाळवली तं ओली राहाते, ओली घातली तं खाज येते. मंग तू येऊन खाजवून देशील?" विषय तिथंच मिटला.

मी त्यांच्या खालच्या खोलीत भाड्याने राहते. माझं माहेर पार गडहिंग्लजकडे. आठवीत शाळा सोडली. नवरा संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, त्याच्यामागे मी इकडे आले. तो महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावरच असतो. त्यामुळे सुरुवातीला मला सगळ्याचीच धास्ती होती, आणि सगळ्यात जास्त काकूंची.

कारण त्यांची सवय. कोणतीही बाई दारात आली, भाजीवाली असो, भिशीतली असो की पोलिओचे थेंब द्यायला आलेली सिस्टर असो, काकू तिला आधी पाणी देणार, मग म्हणणार, "हात वर कर." बाई गोंधळून हात वर करते. काकू बाजूने बघतात. "सरकली वर. नंबर चुकला तुहा." एवढं बोलून चहा ठेवायला आत. चोरून बोलायच्या गोष्टी काकू भाजीचा भाव विचारावा तशा बोलतात. ब्राला त्या 'बॉडी' म्हणतात, आणि तेही गॅलरीतून.

माझ्यावर ही वेळ आली ती कामामुळे. मी संत्र्याच्या शेडमध्ये लागले होते. माल निवडायचा, क्रेट भरायचं, उचलून थप्पीला लावायचं. माझं अंग वरून भारी, अगदी मुलगी होते तेव्हापासून. शाळेत दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरूनच चालायचे. ब्रा म्हणजे बाजारातून गुपचूप घेतलेली, कागदात गुंडाळलेली, मोठा नंबर बघून आणलेली. पट्ट्या खांद्यात रुतायच्या, मागची बाजू मानेकडे चढायची. म्हणून माझा एक हात कायम खांद्यावर, पट्टी ओढत. क्रेट काय एका हाताने उचलणार? मुकादम दोनदा बोलला, तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, सोमवारपासून दोन हात घेऊन ये, नाई तं येऊ नको."

मी जिन्यात बसून रडत होते. काकू खाली उतरल्या, कारण विचारलं नाही. म्हणाल्या, "हात वर कर."

मी केले. ब्रा सगळी वर गळ्याशी आली.

"अवं, खांदे का खुंट्या हायेत तुह्या? वजन पाठीच्या पट्ट्यानं पेलाचं असते. तू बेचाळीसची घालून राहिली, अन् पट्टा तं पिशवीसारखा ढिल्ला."

आमच्याकडे आणि इकडेही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाजारातून चप्पल आणायची तर सुतळीने पावलाचं माप नेतात. काकूंनी तेच केलं. परकराचा नाडा घेतला, छातीच्या खाली गुंडाळून एक गाठ मारली, मधोमध गुंडाळून दुसरी. तो नाडा पिशवीत घालून त्या बसने सौंसरला गेल्या. पांढुर्ण्यात शोधून उपयोग नव्हता. इथल्या दोन दुकानांत काकू पायरीवर दिसल्या की नोकर जेवायला जातो.

संध्याकाळी ब्रा आली. मी घातली तर श्वासच घेता येईना. काकू विचारात पडल्या. नाडा पुन्हा लावून पाहिला आणि माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"नाप घेताना तू दम रोखला होता का?"

मी मान डोलावली. परक्या बाईने असं गुंडाळल्यावर मी श्वास रोखून, पोट आत घेऊन उभी होते. शाळेतल्या फोटोला उभं राहतात तशी.

"मंग नाड्याले काय बोलू मी," काकू म्हणाल्या. "उद्या रविवार हाये. तूच चाल."

सौंसरच्या दुकानात गल्ल्यावर एक भाऊ होते. काकूंना बघून ते उठून उभे राहिले. भीतीने की मानाने, सांगता येत नाही. त्यांनी आधी चाळीस काढली, मग बेचाळीस, मग म्हणाले, "काकू, इतल्या मोठ्याईसाठी हेच चालते."

"चालते तं तू घालून पाह्य," काकू म्हणाल्या. "हिले खाली छत्तीस पाहिजे अन् वाटी मोठी पाहिजे. नंबर वाढवून देऊ नको, वाटी वाढव."

दुकानात दोन बायका साड्या बघत होत्या. मला वाटलं, आता जमीन फाटावी. पण त्यातली एक हळूच सरकत जवळ आली आणि ऐकायला लागली.

भाऊ माळ्यावर चढले. शेवटच्या खोक्यातून एकच निघाली, कत्थई रंगाची, वर पिवळी फुलं. "कोणाच्या तरी रुखवतासाठी मागवली होती, नेलीच नाई."

मागे गठ्ठ्यांच्या आडोशाला पडदा होता. मी घातली. पडद्याबाहेरून काकूंचा हुकूम सुरू झाला. "झाडू मार. आता कपडे वाळव. आता क्रेट उचल, डोक्यावरून." मी अंधारात नसलेलं क्रेट उचलत होते. काहीच सरकलं नाही. मी खांद्याकडे हात नेला, तर ओढायला काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. बाहेर आले तेव्हा त्या साडीवाल्या बाईने काकूंना विचारलं, "काकू, माह्यं पाहता का?"

सोमवारी मी दोन हातांनी थप्पी लावली. मुकादमाने पुढचं क्रेट माझ्याकडे सरकवलं. मला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत थोडी संत्री घेऊन मी काकूंना सांगायला वर गेले. दार लोटलेलं होतं. काकू पलंगावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, डावा पाठीमागे, आणि एका हाताने त्या हुक लावायचा प्रयत्न करत होत्या. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, पाठ घामाने ओली होती.

मी पिशवी ठेवली आणि हुक धरला.

"शेवटच्यात लाव," काकू वळून न बघता म्हणाल्या. "जुनी झाली हाये."

मी लावला. मग पट्टी सारखी केली आणि नकळत माझ्या तोंडून निघालं, "काकू, हात वर करा."

डावा सरळ वर गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

"एवढाच जाते," त्या म्हणाल्या. "खांदा धरला हाये. तुहे काका होते तवा लावून देत. मास्तर माणूस, पूर्ण वर्गाले गणित शिकवे, पण तीन हुकातला मधला तेले कधी गावला नाई. मी ओरडो, तो हासे."

मला मागच्या अंगणातली तार आठवली. डोक्याच्याही वर आहे ती. आणि गॅलरीतली दोरी कमरेशी.

"काकू, ह्यांना सांगून मागची तार खाली घेऊ का?" मी विचारलं.

"राहू दे वं. दूधवाल्याले सवय झाली हाये." त्यांनी पदर सारखा केला, एक संत्रं उचलून सोलायला घेतलं. काकू सहसा विचारत नाहीत, सांगतात. पण सालीकडे बघत त्यांनी विचारलं, "शेडवर कितीले निघतं तू, सकाळी?"

"साडेसातला," मी म्हटलं. "निघताना वर येऊन जाईन."

शेड नऊला उघडतं. पण काकूंची आंघोळ सातला होते, ते मला खालून ऐकू येतं.