कायम बांधकाम

सकाळी वडील बादली घेऊन गाडी धुवायला खाली उतरले, तेव्हा गाडी होती तिथेच होती. रस्ता मात्र गेला होता.

पंधरवड्यापूर्वी जिथे डांबर होते, तिथे आता राखाडी फरशांचा रुंद, देखणा पदपथ समुद्राच्या कठड्यापर्यंत पसरला होता. त्यावर बाकं होती, कुंड्या होत्या, आणि एका कडेने फक्त बससाठी राखलेली मार्गिका होती. या सगळ्याच्या मधोमध वडिलांची गाडी, अंगावर खोळ पांघरून, भरतीत अडकलेल्या खडकासारखी उभी होती. फरशा तिच्या चाकांभोवती गोलाईत कापून बसवल्या होत्या. खोळीचे एक टोक तर फरशीखाली कायमचे दडपले गेले होते. पुढे लोखंडी खुंट, मागे लोखंडी खुंट.

वडिलांनी बादली खाली ठेवली आणि वर पाहून मुलाला हाक मारली. मुलगा दात घासत गॅलरीत आला, आणि त्याचा हात थांबला.

"अहो, गाडी सापडली का?" आईने आतून विचारले. लेकीकडून दोघे आदल्या रात्री मागच्या गल्लीने घरी आले होते; तिथे गाडी दिसली नव्हती, आणि पुढच्या बाजूला तेव्हा पत्र्यांचे कुंपण होते.

"सापडली," वडील म्हणाले. "आता कुठे जात नाही."

या किनाऱ्यावरून मोटारी हटवून त्यांच्या जागी बस आणि पायी चालणारी माणसे आणायची, हा आराखडा मुलाचाच होता. नगरपालिकेत त्याला सगळे 'पदपथ' म्हणत, कारण दिवसभरात त्याच्या तोंडून बहुधा तेवढाच शब्द बाहेर पडे. माणसांशी बोलणे त्याला जमत नसे, रस्त्यांशी जमे. कोणत्या वळणावर म्हातारी माणसे थबकतात, कोणत्या थांब्यावर सावली नाही, हे त्याला पाठ होते. लेकीकडे निघताना वडिलांनी त्याला बजावले होते, "काम सुरू झालं तर शेजारच्या ड्रायव्हरला सांग हं, गाडी मागच्या गल्लीत लावायला." त्याने मान डोलावली होती. मान डोलावणे हा त्याचा सगळ्यांत आवडता संवाद होता.

मुकादम आला तो आनंदात.

"साहेब, काम कसं झालंय?"

"अहो, ही गाडी..."

"हलवली नाही! बोटभर नाही." मुकादमाने नकाशा उलगडला. "हे बघा, तुमचाच ना? 'विजेची पेटी, कायम बांधकाम, हलवू नये.'"

"पण ती गाडी आहे!"

"ते आम्हालाही दिसत होतं की. विजेच्या पेटीला चाकं असतात होय? पण मागच्या खेपेला आम्ही आमची अक्कल चालवली, तर तुम्ही अख्खा कठडा पुन्हा बांधायला लावलात. म्हटलं, आता नकाशात असेल ते. नकाशात हत्ती असता तर हत्तीभोवती फरशी घातली असती." तो चाकापाशी उकिडवा बसला. "ही गोलाई बघा. सुरी जात नाही मधे."

वडिलांनीही वाकून पाहिले. "काम चांगलं आहे हो," ते मनापासून म्हणाले. मुलाला वाटले, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

चूक पाहणी करणाऱ्यांची होती, असे म्हणता आले असते. त्यांनी पाहावे तेव्हा ती वस्तू खोळीखाली त्याच जागी निश्चल दिसली, आणि त्यांनी तिची पेटी केली. पण नकाशा तपासला होता मुलाने. आपल्या दारापुढचा तो चौकोन त्याने पाहिला होता. समोरचे दार आपले, हे त्याने ओळखले होते. दिव्याचा खांब ओळखला होता, मोडके गटाराचे झाकणही ओळखले होते. चौकोन तेवढा ओळखला नव्हता. आणि हिरव्या शाईने बरोबरची खूण केली होती.

ती गाडी निश्चल का झाली, हेही त्याला ठाऊक होते. निवृत्त झाल्यावर वडिलांनी ती घेतली ती एका बोलीवर: आईला किनाऱ्याकिनाऱ्याने दीपगृहापर्यंत न्यायचे. आईची अट एकच, तिघांनी जायचे. दर आठवड्याला वडील विचारत, "येतोस का रे?" आणि तो नकाशातून डोके वर न काढता म्हणे, "पुढच्या रविवारी बघू, बाबा." वडील तरीही गाडी धुवून, पुसून, पुन्हा खोळ घालत.

"मी म्हणतच होते, घराला अंगण नाही," आई खाली येऊन म्हणाली. "आता अंगण आलं, अंगणात गाडी आली. जायचं तेवढं राहिलं."

कार्यालयात मोठे साहेब येरझाऱ्या घालत होते. मोटारमुक्त किनाऱ्याचे उद्घाटन त्याच दिवशी दुपारी होते.

"पदपथ, मोटारमुक्त किनारा आणि मधोमध मोटार! कुणाची आहे ती?"

"वडिलांची, सर."

"कुणाच्या?"

"माझ्या."

साहेब खुर्चीत बसले. "क्रेन बोलवा."

"आत येणार नाही, सर. खुंटांमधली जागा अरुंद आहे."

"कुणी ठेवली अरुंद?"

"मी."

"मग खुंट उपटा!"

"ते काँक्रीटमध्ये खोल गाडलेत. उद्या कुणाचा वशिला लागला तरी निघू नयेत म्हणून."

"हे कुणाच्या डोक्यातून..." साहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि प्रश्न गिळला. "आपल्या खात्यात आजवर एकही काम चोख झालं नाही. एक झालं, ते हे!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "ऐक. नकाशात पेटी आहे ना? मग आजचा दिवस ती पेटीच. भोवती कुंड्या लाव. खोळ निघता कामा नये. उद्घाटन उरकलं की खुंट फोडू, गाडी काढू, काय करायचं ते करू."

कुंड्या लागत होत्या तेवढ्यात आईचा फोन आला.

"हे गाडीत जाऊन बसलेत. कुणीतरी क्रेन म्हणालं, ते ऐकलं आणि शर्ट बदलून खाली गेले."

"शर्ट कशाला बदलला?"

"गाडीत बसताना बदलतात ते. नेहमीच." आई म्हणाली. "तुला कसं माहीत असणार म्हणा."

तो खोळीखाली शिरला आणि वडिलांच्या शेजारच्या जागेवर बसला. आत राखाडी, मऊ उजेड होता. पावसाळी आकाश कुणी घडी घालून ठेवावे तसा. वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून, समोरच्या कापडाकडे रस्ता असावा तसे पाहत होते. गाडीला साबणाचा वास होता. इतक्या वर्षांत आपण या जागेवर किती वेळा बसलो, हे त्याने आठवून पाहिले आणि मग आठवणे सोडून दिले.

"बाबा, चला घरी. कुणी तोडत नाही गाडी. संध्याकाळनंतर काढतील."

"असू दे. बसतो जरा."

"लोक यायला लागलेत."

"आत कोण बघतंय?" वडील हसले. मग बोटाने चाकावरची न दिसणारी धूळ पुसत म्हणाले, "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, एवढा महिना चालवा. पुढे नको. म्हणून म्हटलं, या रविवारी जाऊन येऊ दीपगृहाला. तिला बोललो नाही अजून."

"मला तरी सांगायचं होतंत."

"सांगणार होतो रे," वडील म्हणाले. "तू म्हणालास, पुढच्या रविवारी बघू."

त्या आवाजात टोमणा नव्हता. तो काहीतरी बोलणार होता. काय, ते त्याला पुढे कधीच आठवले नाही. बाहेर टाळ्या वाजल्या. नगराध्यक्षबाई नव्या मार्गावरच्या पहिल्या बसमधून उतरल्या होत्या.

"गप्प बसा, बाबा," तो कुजबुजला.

"मी कुठे बोलतोय?"

बाईंचे भाषण झाले. फीत थांब्यावर बांधलेली होती आणि कात्री तबकात तयार होती. पण बाईंच्या सार्वजनिक आयुष्याने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती: आपल्या वाटेत कुंड्यांनी सजवलेले, कापडाने झाकलेले जे काही असेल, ते आपण ओढायचे असते. मोठे साहेब "मॅडम, इकडे, फीत इकडे..." म्हणत धावले. तोवर बाईंनी खोळीचे टोक धरून हिसका दिला होता. दुसरे टोक फरशीखाली चिणलेले असल्यामुळे खोळ मधोमध टर्रकन फाटली आणि दोन्ही बाजूंना गळून पडली.

काचेमागे इस्त्रीच्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ चाक धरून बसले होते. शेजारी शहरातून मोटारी कमी करण्याच्या योजनेचा जनक बसला होता.

"हे काय?" बाईंनी विचारले.

"शेवटची गाडी, मॅडम!" मोठ्या साहेबांच्या तोंडून निघून गेले, आणि निघाल्यावर त्यांनाच ते बरे वाटले. "या किनाऱ्यावरची शेवटची मोटार. स्मारक म्हणून ठेवलीय. बघा, फरशीसुद्धा भोवतीनं घातलीय."

"आणि आत बसलेले?"

"ते... प्रात्यक्षिक आहे, मॅडम."

टाळ्यांचा असा कडकडाट भाषणालाही झाला नव्हता. बाईंनी खिडकीतून हात आत घालून वडिलांचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते खरे होते. "तुम्ही स्वतःची गाडी शहराला अर्पण केलीत, काका?"

वडिलांना भरल्या सभेत एका बाईला 'नाही' म्हणणे जमण्यासारखे नव्हते. मुलाने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. ती मान कुठून आपल्याकडे आली, हे मुलाला त्या दिवशी कळले.

आठवड्याच्या आत पितळी पाटी बसली. भोवती साखळी आली. 'हात लावू नये' असा फलकही आला, त्यामुळे सकाळी बादली घेऊन उतरलेल्या वडिलांना रखवालदाराने अदबीने परत पाठवले. खुंट फोडून गाडी काढण्याचा विषय मुलाने काढला, तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "स्मारक हलवायचं म्हणजे सभेचा ठराव लागतो, बाबा. आणि अर्पण केलेली वस्तू परत मागतात का कुणी?"

योजना मात्र उत्तम चालली. बस भरून येत आणि वेळेवर येत. धूर विरला. ज्या किनाऱ्याने कधी सायंकाळी कुणाला धड उभे राहू दिले नव्हते, तिथे माणसे कठड्याला टेकून बोलू लागली.

"समुद्राचा आवाज येतो रे आता घरात," वडील एकदा गॅलरीतून म्हणाले. "पूर्वी येत नव्हता. चांगलं केलंस." मुलगा खाली साखळीतल्या गाडीकडे पाहत राहिला. तिच्यावर धूळ बसू लागली होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "आई, बाबा, चला. दीपगृहाला जाऊ."

"कशानं?" आईने विचारले.

"बसनं."

वडिलांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि शर्ट बदलायला आत गेले.

बसमध्ये वडील सर्वांत पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या आसनावर बसले, आई त्यांच्या शेजारी, खिडकीशी, तो मागे. डाव्या हाताला सगळा समुद्र उलगडत गेला. त्याने कागदावर इतक्या वेळा रेखलेली ती वाट प्रत्यक्षात कितीतरी सुंदर होती. पण त्याचे लक्ष खाली होते. प्रत्येक थांबा आला, की वडिलांचा उजवा पाय हलकेच जमिनीवर दाबला जाई. वळणावर त्यांचे हात मांडीवरून किंचित उचलले जात आणि पुन्हा ठेवले जात.

दीपगृहापाशी वारा मोठा होता. आईने पदर कानांवरून घट्ट घेतला आणि वर पाहिले. "आलो बाई एकदाचे."

"मी आणणार होतो तुला," वडील म्हणाले.

"मग कुणी आणलं? ब्रेक किती वेळा मारलेत, मी मोजत होते."

वडील हसले. तिघांनी मिळून बराच वेळ समुद्र पाहिला. परतताना अंधारून येत होते. मुलगा पुढे वाकून म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी परत येऊ या?"

वडील काचेतून समोरचा रस्ता पाहत होते.

"बघू," ते मृदूपणे म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू."

घराचा थांबा जवळ आला. दिव्याखाली, साखळीच्या आत, गाडी उभी होती. वडिलांचा पाय सावकाश खाली दाबला गेला, आणि बस बरोबर तिच्या शेजारी येऊन थांबली.