खांबेटेकाकांची डोकेदुखीची वही

सोसायटीच्या फाटकात कुणी भेटलं की लोक "काय, झालं का जेवण?" असं विचारतात. आमचे खांबेटेकाका विचारायचे, "डावी की उजवी?"

प्रश्न डोक्याबद्दल असायचा. नवीन राहायला आलेला माणूस बिचारा गडबडून स्कूटर डावीकडून उचलून उजवीकडे लावायचा. दूधवाल्या किसननं एकदा सांगितलं, "डोस्कं व्हय? आमचं समदंच दुखतंय, काका." काका म्हणाले, "मोघम नको. समदं ही बाजू नव्हे." किसननं बोट लावून नेमकी जागा दाखवली तेव्हा कुठे त्याच्या हातातलं दूध घेतलं गेलं.

आमची सोसायटी पुण्याबाहेर मांजरी गावात, उसाच्या शेताला लागून नव्यानंच झालेली. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात आले होते आणि प्रत्येक घरात एक तरी कॉम्प्युटरवाला होता. सकाळी कंपनीची बस आम्हाला उचलायची, रात्री आणून टाकायची, आणि मधल्या वेळात सगळ्यांची डोकी दुखायची. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले होते आणि पत्नी गेल्यावर इथे तळमजल्यावर एकटेच राहायला आले होते. इतकी दुखरी डोकी रोज एकाच फाटकातून जाताना बघून त्यांनी संशोधन काढलं. होमिओपॅथीनं अर्धशिशी बरी होते की नाही, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा!

मला अर्धशिशी कॉलेजपासूनची. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. हे कळल्यावर काकांचा चेहरा असा खुलला की काही विचारू नका. "म्हणजे तुम्हीही दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेता? बसा, टेस्टिंगबाई, बसा."

बसले ती तासभर. मीठ जास्त लागतं का? विजा कडाडल्या की भीती वाटते का? झोपताना पाय पांघरुणाबाहेर असतात का? रडू आल्यावर कुणी समजूत घातलेली आवडते, की राग येतो? मी म्हटलं, "काका, डोकं दुखतंय हो माझं, लग्न जमवायचं नाहीये." ते म्हणाले, "नोंद हवी," आणि 'राग येतो' असं लिहून मोकळे झाले.

पद्धत मात्र कडक होती. कोपऱ्यावरच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंनी निम्म्या बाटल्यांत औषध घातलेल्या, साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्या भरायच्या आणि निम्म्यांत नुसत्या. बाटल्यांवर फक्त नंबर. कोणत्या नंबरात काय, ती यादी लाख लावलेल्या पाकिटात. ते पाकीट काकांनी स्वतःकडे ठेवलं नाही. "माझा माझ्यावर भरवसा नाही," असं म्हणून माझ्या कपाटात ठेवलं. नेहमीच्या डॉक्टरांची औषधं कुणी बंद करायची नाहीत आणि दर रविवारी वहीत नोंद द्यायला यायचं, हे दोन नियम. कॉफीबंदीचा तिसरा नियम अमरावतीच्या वानखडेनं हाणून पाडला. "कॉफी सोडली त मी काम कसा करू, काका? मले घरीच पाठवतीन ना!"

सहा महिने ते पाकीट माझ्या साड्यांखाली होतं. नवरा रोज म्हणायचा, ट्यूबलाइटसमोर धरून बघू या. मी धरलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदा धरलं, पण काकांनी आत आधीच काळा कागद घालायला लावला होता.

माझं डोकं खरंच कमी दुखायला लागलं. मी तर सोसायटीभर गोळ्यांची जाहिरात करत फिरले. काका ते ऐकायचे, पण हसायचे नाहीत. एकदा मात्र म्हणाले, "टेस्टिंगबाई, हे खरं निघालं पाहिजे हो. मला फार हवंय." तो आवाज नेहमीचा नव्हता. मी घाबरले, कारण इतकं हवं असलेल्या माणसाच्या हातात ते पाकीट द्यायचं होतं.

पाकीट एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये फोडलं. सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या होत्या. काकांनी यादी आणि वही शेजारी शेजारी ठेवली, बोट फिरवत राहिले, परत पहिल्यापासून फिरवलं. औषधवाल्यांची डोकी कमी दुखली होती. नुसत्या गोळ्यांवाल्यांचीही तेवढीच कमी दुखली होती. माझी बाटली, जिची मी जाहिरात केली ती, नुसत्या साखरेची! वानखडे इतका हसला की त्याला ठसका लागला. डॉक्टरीणबाई बशीतले शेंगदाणे वेचत बसल्या. मी मात्र काका आता काय करतात तेच बघत होते.

काका उठले आणि स्वतःच्या हातानं सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं: 'संशोधन संपले. औषध व नुसत्या गोळ्या यांत फरक आढळला नाही. ज्यांना बरे वाटले त्यांनी बरेच राहावे. हुकमावरून.'

पुढच्या रविवारी मी सवयीनं त्यांच्या दारात गेले, तर आत चार माणसं आधीच बसलेली. वही उघडी. ती गेल्यावर मी विचारलं, "काका, आता कशाला लिहिता?"

त्यांनी वहीचं पहिलं पान काढलं. वर 'कमल खांबेटे' असं नाव होतं. खाली सगळे रकाने आखलेले. मीठ, विजा, पांघरूण, बाजू. सगळे कोरे.

"बत्तीस वर्षं ती कपाळाला फडकं आवळून माझा डबा करायची," काका म्हणाले. "मी म्हणायचो, घे गोळी नि पड जरा. कारखान्यात एक बोल्ट वाकडा निघाला तर मी दहा प्रश्न विचारायचो. हिला डावी की उजवी, एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. वाटलं, औषध खरं निघालं तर निदान एवढं तरी कळेल की काय दिलं असतं तर तिचं थांबलं असतं."

काकांनी चष्मा पुसला, ते पान जपून उलटलं आणि माझं पान काढलं. "हं. डावी की उजवी?"

त्या दिवशी माझं डोकं मुळीच दुखत नव्हतं. पण त्यांचा रकाना कोरा ठेवावासा वाटेना. मी म्हटलं, "डावी."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "साफ खोटं. डावी दुखते तेव्हा तुमचा डावा डोळा बारीक होतो आणि तुम्ही पहिली पायरी चुकता. आज सरळ चालत आलात."

मग त्यांनी वहीत सावकाश लिहिलं, 'आज दुखत नाही,' खाली पट्टी ठेवून रेघ मारली आणि आमच्या दोघांच्या चहाला आधण ठेवायला आत गेले.